कोट घालू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पत्रास कारण की, गेल्या आठवड्यात आपल्या अंकात निधनवार्तेच्या पानावर आमच्या गल्लीतल्या एका आजोबांचा फोटो आला. नाव वाचल्यावरच ओळख पटली. जन्मभर पांढरी टोपी आणि सदरा घातलेला माणूस निळा कोट, लाल टाय लावून ढगांपुढं बसला होता. टोपी गायब. उलट डोक्यावर दाट केस, जे मी तरी कधी पाहिले नव्हते. नातवानं आधार कार्डावरचा फोटो मोबाइलमधल्या एआय ॲपमध्ये टाकून दोन मिनिटांत हा प्रकार करून घेतला होता. त्या पोराला मी काही बोलले नाही. घरात आजोबांचा दुसरा धड फोटोच नव्हता.

मी अकरा वर्षं कोल्हापुरात एकटीनं पोर्ट्रेट फोटोग्राफी करते. दुकान नाही, बोर्ड नाही. मंगळवार पेठेतल्या जुन्या घराची माडी, तिथली उत्तरेची खिडकी, चेहऱ्यांसाठी ८५ एमएमची एक लेन्स, थर्माकोलचा पांढरा तक्ता आणि लाकडी स्टूल, एवढ्यावर भागतं. उन्हाळा-पावसाळ्यातले काही महिने सोडले तर त्या खिडकीतून थेट ऊन येत नाही आणि उजेड बराच वेळ सारखा राहतो. चित्रकारांना हे कॅमेरा यायच्या आधीपासून माहीत होतं.

माझे वडील, आबा, महाद्वार रोडवरच्या एका स्टुडिओत रिटचिंग करायचे. सुईसारखं टोक काढलेली पेन्सिल, खालून उजेड येणारी काच आणि डोळ्याला भिंग. निगेटिव्हवर, म्हणजे उजेड-सावली उलटी दिसणाऱ्या फिल्मवर, सुरकुती पारदर्शक रेघेसारखी दिसते. तिथं हलक्या हातानं शिसं भरलं की प्रिंटमध्ये ती फिकी पडते. आबांचा एकच नियम होता. आठ दिवसांत जाणारं असेल ते काढायचं, जन्माचं असेल ते ठेवायचं. म्हणजे तारुण्यपीटिका काढायची, तीळ ठेवायचा. मालक ओरडले तरी तीळ राहायचा.

मी धंद्यात उतरले तेव्हा हा नियम पहिल्याच वर्षी गुंडाळून ठेवला. माझं गिऱ्हाईक म्हणजे लग्नाच्या बायोडेटाचे फोटो, आणि त्यातल्या निम्म्यांचं वाक्य एकच: "ताई, जरा उजळ करा." मी करायचे. कॉम्प्युटरवर एक पट्टी उजवीकडं सरकवायची, पाचशे रुपये घ्यायचे. एका मुलीची आई महिन्याभरानं परत आली. पाहुणे येऊन गेले होते. फोटोकडं बघून मुलीकडं बघितलं, पुन्हा फोटोकडं बघितलं आणि चहा पिऊन निघून गेले. मला वाटलं, आता बाई भांडणार. पण त्या म्हणाल्या, "आता जरा कमी उजळ करा." मुलगी शेजारीच बसली होती. ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होती.

त्याच सुमारास एक पैलवान आला. कान मुरगळून गाठीसारखे झालेले, तालमीत लढणाऱ्याचे असतात तसे. सोबतची बहीण म्हणाली, कान नीट करा, मुलीकडचे घाबरतात. मी दीड तास खपून दोन्ही कान नव्यानं तयार केले. खूश होऊन घेऊन गेले. दोन दिवसांनी पैलवान एकटाच आला, कोपऱ्यात उभा राहून म्हणाला, "वस्तादांना दाखवला. ते म्हणाले, ह्यो कोण? ह्यानं कधी माती बघितली न्हाई." जुने कान परत लावून द्या म्हणाला. त्याचे मी पैसे घेतले नाहीत. खरं सांगायचं तर तेव्हा मला त्याचा थोडा रागच आला होता, दीड तास फुकट गेला म्हणून.

माझं डोकं ठिकाणावर आलं ते २०१९ च्या ऑगस्टमध्ये. महापूर ओसरल्यावर चिखली, आंबेवाडीकडून लोक भिजलेले फोटो घेऊन यायला लागले. कपाटं गेली, जनावरं गेली, आणि ही माणसं प्लास्टिकच्या पिशवीत चिखलानं माखलेली तसबीर घेऊन माडी चढत होती. मी आणि आबांनी घरातल्या घमेल्यांत स्वच्छ पाणी घेऊन फोटो धुतले, चेहरा वर ठेवून वर्तमानपत्रावर वाळवले (आपलाच पेपर होता). काचेला चिकटलेला फोटो ओढून काढायचा नसतो, चेहराच काचेवर राहतो. असे फोटो काचेसकट कॅमेऱ्यानं टिपून घेतले. गाल गेलेला, ओठ गेलेले, ते मी आजूबाजूच्या खुणांवरून जुळवत बसायचे. एक सून सासूबाईंचा फोटो घेऊन आली होती. एक डोळा पूर्ण पुसलेला. मी दुसऱ्या डोळ्यावरून तो बसवला. तिनं बघितलं आणि मान हलवली. "असा नव्हता. बाहेरच्या बाजूला गेलेला होता. एकीकडं बघितल्या की दुसरीकडचं पण दिसायचं त्यांना, आम्ही भ्यायचो." तो तिरळेपणा बसवायला मला संध्याकाळ झाली. सून स्टुलावर बसून "अजून थोडा, अजून थोडा" म्हणत होती. मग एकदम गप्प झाली आणि डोक्यावर पदर घेतला.

त्या दिवसापासून आबांचा नियम माझ्या पावतीवर छापलेला आहे. रंग बदलून मिळणार नाही, तीळ, व्रण, कान, दात आहे तसे राहतील. याचा खर्च काय होतो तेही लिहिते, कारण "मनाचं ऐका" असं सांगणारे हिशेब सांगत नाहीत. पावती वाचून पहिल्या वर्षी निम्मं गिऱ्हाईक खाली उतरून गेलं. आज एका बैठकीचे अडीच हजार घेते, महिन्याला सात-आठ बैठका होतात. त्यात "घरचंच हाय की ताई" म्हणून दोन कमी पैशांच्या. लेन्सचा हप्ता आणि लेकराची फी यातून निघत नाही, म्हणून लग्नसराईत दुसऱ्याच्या हाताखाली सेकंड कॅमेरा धरते. तिथं अल्बममध्ये नवरीचा चेहरा संगमरवरासारखा गुळगुळीत करतात. ते काम माझ्या नावाचं नाही, असं मी स्वतःला सांगते. ही पळवाट आहे हे मला कळतं.

दुसरा धडा कायद्याचा. माझ्याकडच्या एका नवरीचा फोटो एका पार्लरनं न विचारता चौकातल्या डिजिटल फलकावर लावला आणि बोलणी मला खावी लागली. तेव्हा मी कॉपीराइट कायदा वाचला. १९५७ च्या त्या कायद्याच्या १७ व्या कलमाप्रमाणे, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोची पहिली मालकी, वेगळा करार नसेल तर, पैसे देणाऱ्याची असते. माझीही नव्हती, पार्लरची तर नव्हतीच. आता पावतीवर आणखी एक ओळ आहे: चेहरा ज्याचा, त्याच्या लेखी परवानगीशिवाय फोटो कुठंही लागणार नाही, माझ्या इन्स्टावरही नाही. नव्यानं या धंद्यात येणाऱ्या पोरापोरींनी लेन्सच्या आधी पावतीपुस्तक छापून घ्यावं.

आता मूळ मुद्दा. आपण या गावाला कलापूर म्हणतो. खरी कॉर्नरला सिनेमावाल्या बाबूराव पेंटरांच्या कॅमेऱ्याचा स्तंभ उभारलाय. आणि याच गावात ऐंशी वर्षं जगलेल्या माणसाच्या नावावर आधार कार्डाचा एक फोटो असतो. गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांचे फोटो मी रविवारी फुकट काढते, तरी येत नाहीत. एक आजी म्हणाल्या, "आत्ताच कशाला? मी काय चाललो व्हय?" (आमच्याकडच्या बायका अशाच बोलतात, बाहेरगावच्या वाचकांनी दचकू नये.) त्यांना मी सांगितलं, नातीच्या लग्नात लावायला काढू. मग नथ शोधायला उठल्या.

आपल्याकडं एकच मागणी आहे. श्रद्धांजलीच्या जाहिरातींचे दर जिथं छापता, तिथं एक ओळ घालावी: फोटो टोपीसह, फेट्यासह, डोक्यावरच्या पदरासह, आहे तसा चालेल. बऱ्याच घरांत असा समज आहे की पेपरात कोटातलाच फोटो घेतात. जाहिरात घेणाऱ्या एजंटांनाही हे सांगावं. कोट बसवून देण्याचे शंभर रुपये काही जण वेगळे घेतात.

आबा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. गेल्या महिन्यात स्वतःच स्टुलावर येऊन बसले आणि म्हणाले, काढ. टोपी सरळ केली. कानातलं ऐकायचं मशीन दिसत होतं, म्हणून मी खुर्ची जरा फिरवायला गेले, तर म्हणाले, "दिसू दे. साडेअठरा हजाराचं हाय." प्रिंट भिंगाखाली धरून त्यांनी दहा मिनिटं बघितली. कपाळावरच्या रेघेवर बोट ठेवलं, पेन्सिल मागितली, मग नको म्हणाले. तो फोटो कपाटात ठेवला आहे. जेव्हा केव्हा वेळ येईल तेव्हा मी तो आपल्या कार्यालयात स्वतः आणून देईन. कोट घालू नये.

कळावे,
एक फोटोग्राफर, मंगळवार पेठ, कोल्हापूर

(नाव छापू नये ही विनंती. वरची माणसं गल्लीतली आहेत, आणि मला रोज त्याच गल्लीतून जायचं असतं.)