बाबा, 'रिस्पेक्टेड' मी काढलं

ती. बाबा व ती. आई,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, मोतीबिंदूच्या विम्याच्या क्लेमचं तुमचं इंग्रजी पत्र मी तपासलं, बदललं आणि काल ईमेलने पाठवूनही दिलं. विचारायला हवं होतं. पण मुदत संपत आली होती आणि तुम्हाला स्क्रीनकडे बघायला लावणं जिवावर आलं.

मजकूर तुमचाच आहे, शपथ! 'रिस्पेक्टेड सर'च्या जागी 'डिअर सर ऑर मॅडम' केलं एवढंच. तुमचं चुकलं नव्हतं, नाशिकच्या कचेऱ्यांत 'रिस्पेक्टेड' सर्रास चालतं. पण इंग्रजांच्या मायन्यात ते नसतं. तिथे 'डिअर'मध्ये लाडही नसतो, आपल्या 'सा. न. वि. वि.'इतकंच ते कोरडं.

शेवटचं 'युवर्स रिस्पेक्टिव्हली' मात्र काढावंच लागलं. त्याचा अर्थ 'अनुक्रमे'. आदराचं ते 'रिस्पेक्टफुली'. नाव ठाऊक नसलं की 'युवर्स फेथफुली', 'डिअर मिस्टर अमुक' अशी सुरुवात असली की 'सिन्सिअरली'. आणि 'रिस्पेक्टेबल मॅनेजर'? रिस्पेक्टेबल म्हणजे अब्रूदार, नाहीतर बऱ्यापैकी. 'रिस्पेक्टेबल स्कोअर' हा शतकाला म्हणत नाहीत, चाळीस-पन्नासला म्हणतात. मॅनेजर बऱ्यापैकी निघो, पण आपण कशाला सांगावं!

'विथ ड्यू रिस्पेक्ट' रजेच्या अर्जापासून आपल्या हाडात मुरलंय. पण ते बहुतेकदा भांडणाआधी येतं: 'माफ करा हं, पण तुमचं चुकतंय.' आपल्याला पैसे हवेत, वाद नकोय, म्हणून तेही गेलं.

'विथ रिस्पेक्ट टू माय पॉलिसी' ठेवलंय. त्यात आदर नाही, 'संदर्भात' एवढंच. मूळ लॅटिन शब्द 'मागे वळून बघणे' असा. त्याच्या एका फांदीला आदर लागला, दुसरीला संदर्भ. हे तुम्हाला आवडेल म्हणून लिहिलं. पत्राला बोटभर समास सोडायचा, हे पाचवीत तुम्हीच शिकवलंत. ईमेलला समास नसतो, तरी हात थबकलाच.

रागावू नका. नवी आरामखुर्ची शनिवारी येईल, खिडकीशी ठेवून घ्या. दोन ड्रॉपमध्ये पाच मिनिटं जाऊ द्या, बाटलीचं टोक पापणीला लावू नका. डॉक्टर हो म्हणेपर्यंत डोक्यावरून अंघोळ नाही, गंगेवर तर नाहीच. आई, तू घड्याळ बघ, ते फसवतात. पोच आली की क्लेम नंबर डायरीत मोठ्या अक्षरात उतरवून ठेव.

तुमची,
ठमी