सईस

सावंतवाडी

चि. सईस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, कास्टरलेच्या ठसाचित्रांच्या केंद्रातलं काम संपलं तरी अजून वर्षभर बेल्जियमलाच राहते. मी ‘बरं’ म्हटलं आणि फोन बाबांकडे दिला. तुला अडवायचं नाही, आधीच सांगते.

ज्याच्या नावाचं ते केंद्र, त्या बेल्जियन चित्रकार फ्रान्स मासरेलची चित्रं दादाने मोबाइलवर दाखवली. 1925 सालचं ‘शहर’ हे चित्रांचं पुस्तक. शंभर लाकूडठसे, अक्षर एकही नाही. गर्दी, धुराडी, खिडकीतली एकटी बाई, सगळं काळ्यातून पांढरं कोरून काढलेलं. अण्णा असते तर भिंग घेऊन बसले असते. पटाशीपुढे डावा हात येऊ द्यायचा नाही, हे त्यांनी तुला सहा वर्षांची असताना शिकवलं. अजून पाळतेस ना? शाई पुसायला टर्पेंटाइन घेशील तेव्हा खिडकी उघडी ठेव. आणि जेवण वेळेवर. पुरे, शिकवत बसले. राग मानू नकोस.

पहिल्या महायुद्धात मासरेल जिनिव्हाला राहिला, बंदूक धरली नाही, वर्तमानपत्रात युद्धाविरुद्ध चित्रं काढली. गांधीजींचं चरित्र लिहिणारे रोमां रोलां त्याचे मित्र. त्यांच्या कादंबरीसाठी त्याने 666 ठसे कोरले. माझी मुलगी अशा माणसाच्या नावाच्या जागेत काम करते, हे मी शेजारी दोनदा सांगून आले. पण लढायला न गेल्यामुळे त्याला कितीतरी वर्षं स्वतःच्या देशात, बेल्जियममध्ये, परतता आलं नाही, हे वाचलं आणि पुढे वाचवेना. 1940 मध्ये जर्मन आले तेव्हा पॅरिसही सोडावं लागलं. 1972 मध्ये गेला तो फ्रान्समध्ये, अव्हिन्यॉंला. मग बेल्जियममधल्या गेंटला नेऊन पुरलं.

तुझं तसं काही नाही, कळतं मला. तुला कुणी अडवलेलं नाही. तरी रात्री तेच डोक्यात येतं.

त्याची चित्रं 1933 मध्ये चीनमध्ये छापली, तिथला लेखक लू शुन याच्या प्रस्तावनेसह. म्हणजे ठसे लांब जातात, माणसाने तिकडेच राहिलं पाहिजे असं नाही. बघ, पुन्हा तिथेच आले.

राहायचं तर राहा. काम मन लावून कर. फक्त चतुर्थीला येतेस का, ते लवकर कळव. गणपतीवरची माटवी दादा बांधेल, पण गणपतीमागची भिंत तुझ्याशिवाय कुणी रंगवलेली नाही. येणार नसशील तर आत्ताच कुणाला तरी सांगावं लागेल.

तुझी
आई