मंत्रीसाहेब, माझ्या छत्तीस उंदरांचा हिशोब घ्या

मा. मंत्रीमहोदय, वैद्यकीय शिक्षण, महाराष्ट्र राज्य, यांस

साहेब, नमस्कार.

मी नाशिकला म्हसरूळला मेडिकल चालवते, आरोग्य विज्ञान विद्यापीठापासून स्कूटीवर पाच मिनिटांवर. त्या विद्यापीठाचे तुम्ही प्र-कुलपती, म्हणून पत्र तुम्हाला. माझं स्वतःचं शिक्षण एम.फार्म. फार्माकॉलॉजी, आणि फार्मसी येते तंत्रशिक्षणाकडे, त्यामुळे तुमचे पीए म्हणतील मॅडम हे आमच्या खात्यात बसत नाही, तिकडे द्या. तर आधीच सांगते, आयुर्वेदवाल्या एमडींचे आणि मेडिकलच्या पीजींचे थिसिस याच विद्यापीठात जमा होतात, त्यातही उंदीर असतात, आणि उंदराला आपण कुठल्या खात्यात मेलो ते कळत नाही.

एम.फार्म.ला असताना मी छत्तीस उंदीर मारले. उंदीर म्हणजे घरातले नव्हे, विस्टार रॅट, पांढरे, लाल डोळ्यांचे, हातात घेतले की गरम लागतात आणि छाती धडधडत असते. सहा गट, गटात सहा. सहाच का, तर सिनियरने सहा घेतले होते. मारणं हा शब्द आम्ही वापरायचो नाही, ‘सॅक्रिफाइस केले’ म्हणायचो, वहीत पण तसंच लिहायचो.

विषय होता खाजकुइलीच्या बियांचा अर्क आणि पार्किन्सन, म्हणजे कंपवात. पद्धत अशी की उंदराला हॅलोपेरिडॉलचं इंजेक्शन द्यायचं, हे माणसांत मानसिक आजारावर देतात, ते मेंदूतले डोपामिनचे, म्हणजे हालचालीचे निरोप नेणाऱ्या रसायनाचे, रिसेप्टर म्हणजे दारं अडवतं आणि उंदीर लाकडासारखा होतो. मग त्याचे पुढचे दोन पाय एका आडव्या दांडीवर ठेवायचे आणि स्टॉपवॉच चालू करायचं. धडधाकट उंदीर लगेच पाय काढतो आणि पळायला बघतो. इंजेक्शन दिलेला तसाच उभा राहतो, बँकेच्या काउंटरवर हात टेकून नंबर यायची वाट बघणाऱ्या पेन्शनर आजोबांसारखा. जितके सेकंद जास्त तितका आजार जास्त, आणि अर्क दिलेल्या गटाने लवकर पाय काढले की अर्क गुणकारी. झालं, चार चार्ट, एक टेबल, कन्क्लुजन.

आता ऐका. खाजकुइलीच्या बीमध्ये लेव्होडोपा, ज्याचं मेंदूत डोपामिन बनतं, निसर्गतःच असतं हे पुस्तकात कधीचं छापलेलंय. पार्किन्सनची मुख्य गोळी लेव्होडोपाचीच. म्हणजे मी वर्षभर खपून, छत्तीस जीव घालवून, असं सिद्ध केलं की लेव्होडोपात लेव्होडोपा असतं. बरं, तो पार्किन्सन तरी होता का? पार्किन्सनमध्ये डोपामिन बनवणाऱ्या पेशीच हळूहळू मरतात, वर्षानुवर्षं. माझ्या उंदरांच्या पेशी ठणठणीत होत्या, फक्त काही तास दार अडवलेलं होतं, दुसऱ्या दिवशी ते परत पिंजऱ्यात उड्या मारत होते.

अजून एक गोष्ट, जी मी आजवर कुणाला सांगितली नाही. कुठल्या पिंजऱ्यात कुठला गट हे मला माहीत होतं आणि स्टॉपवॉचही माझ्याच हातात होतं. शेवटच्या गटात अंगठा सेकंदभर लवकर दाबला गेला नसेल असं मी शपथेवर सांगू शकत नाही. आणि मे महिन्यात एका रात्री लाइट गेली, ॲनिमल हाउसचा एक्झॉस्ट बंद पडला, इन्व्हर्टर ऑफिसला होता तिथे नव्हता, सकाळी चार उंदीर मेलेले. मला सांगण्यात आलं, नवीन आण आणि आकडा पूर्ण कर. मी आणले, पूर्ण केला. म्हणजे खरं तर चाळीस. थिसिसमध्ये छत्तीसच आहेत. कॉलेजचं नाव लिहीत नाही कारण ते एकट्या त्या कॉलेजचं नाहीये, माझ्याबरोबरच्या बऱ्याच जणांकडे असलीच काहीतरी गोष्ट निघेल.

हे वाचून तुम्हाला वाटेल की मी प्राण्यांवरचे प्रयोग बंद करा म्हणणारी आहे. नाहीये. त्याचं कारण आमचे आप्पा.

आप्पा म्हणजे वडील, निफाडकडे द्राक्षबाग होती. आधी सही बारीक होत गेली, चेकवर पहिलं अक्षर मोठं आणि शेवटचं मुंगीएवढं, बँकेने दोनदा चेक परत पाठवला तेव्हा कुठे आम्ही डॉक्टरकडे गेलो, पार्किन्सन निघाला. आता ते सकाळी सहाला खाटेवर एका कुशीवर असतात, कूस बदलता येत नाही, चेहरा दगड. मी सिंडोपा देते, म्हणजे लेव्होडोपाचीच गोळी, नुसत्या पाण्याबरोबर, चहा-खारी त्यानंतर, कारण प्रोटीनबरोबर गोळी नीट लागत नाही, वरण असलं की हमखास घोळ. मग मी ओट्याशी कामाला लागते आणि साधारण चाळीस मिनिटांनी मागून आवाज येतो, पेपर आला का गं. बघावं तर माणूस उठून बसलेला, चष्मा शोधतोय.

ही चाळीस मिनिटं एका सशाने दिली आहेत साहेब. १९५७ साली स्वीडनमध्ये लुंड विद्यापीठात आर्विद कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन दिलं, ससे गळाठले, कान पडले, हलेनात. मग लेव्होडोपाचं इंजेक्शन दिलं आणि काही मिनिटांत कान उभे, ससे चालायला लागले. तोपर्यंत डोपामिन म्हणजे दुसरं रसायन बनताना मधे लागणारा एक टप्पा, एवढीच त्याची किंमत होती. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं. आणि यातलं रेसर्पिन कुठून आलं, तर आपल्या सर्पगंधेतून! मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधा रक्तदाबावर कशी चालते ते लिहिलं तेव्हा कुठे जगाचं तिच्याकडे लक्ष गेलं. आपल्याकडे कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही.

पण सशावर काम थांबलं नाही हे महत्त्वाचं. १९६० साली व्हिएन्नात पार्किन्सनने गेलेल्या माणसांचे मेंदू तपासले, त्यात डोपामिन खरंच कमी निघालं, मगच पुढच्या वर्षी पेशंटला लेव्होडोपा टोचलं. सशाने अंदाज दिला, माणसाच्या मेंदूने होकार दिला. माझ्या छत्तीस उंदरांनी कसला अंदाज दिला?

आणि कुठलाही प्राणी कुठल्याही प्रश्नाला चालत नाही. १९८२ साली कॅलिफोर्नियात काही तरुण नशेबाज अचानक पुतळ्यासारखे गोठले, त्यांच्या बनावट हेरॉइनमध्ये एमपीटीपी नावाचं रसायन चुकून तयार झालं होतं. हे रसायन रॅटला फारसं काही करत नाही. माकडाला दिलं की माणसासारखाच पार्किन्सन. त्याच माकडांवर १९९० साली महलॉन डीलाँग यांच्या टीमने दाखवलं की मेंदूतली सबथॅलॅमिक न्यूक्लियस नावाचा पेशींचा एक इवलासा पुंजका निकामी केला की हालचाल परत येते, आणि आज मेंदूत तार घालून जे डीबीएसचं ऑपरेशन करतात ते बऱ्याचदा त्याच जागेवर असतं. माकडांचं वाईट वाटतं, मलाही वाटतं. पण त्या माकडांचा हिशोब देता येतो.

उलटी बाजूही तेवढीच मोठी आहे. पक्षाघातावर प्रयोगशाळेत तपासलेल्या उपायांची २००६ साली कुणीतरी मोजदाद केली, तर १,०२६ निघाले. उंदरात यातले कितीतरी चालले, आणि मेंदूच्या पेशी वाचवणारं म्हणून त्यातून माणसाच्या हाती फारसं काही लागलं नाही. दुकानात लोक येतात, वडिलांना अटॅक येऊन गेला, तोंड वाकडंय, काही चांगलं औषध द्या ना ताई. रक्त पातळ करायची गोळी देते, दुसरं काय देणार. कारणं बरीच आहेत, पेशंट साठी-सत्तरीचा, शुगर-बीपीवाला आणि उंदीर कोवळा तरणाबांड, पण एक कारण माझ्या स्टॉपवॉचवालं पण आहे, म्हणजे गट माहीत असलेल्या माणसाने मोजणं, नकोसा रिझल्ट कपाटात टाकणं. २०१४ साली तर असं निघालं की प्रयोग करणारा पुरुष असेल तर त्याच्या वासाने उंदराला इतका ताण येतो की दुखणंच कमी जाणवतं, पुरुषाने रात्रभर घातलेला टी-शर्ट ठेवला तरी तेच. मला हे वाचून आमचे लॅबवाले काका आठवले, ते आत आले की सगळे पिंजरे चिडीचूप. आम्ही म्हणायचो काकांचा दरारा आहे.

आता नाशिकचं बोलते.

२००० साली अमेरिकेत उंदरांना रोटेनोन हे कीटकनाशक सावकाश, आठवडेच्या आठवडे दिलं तेव्हा त्यांच्या त्याच डोपामिनच्या पेशी मेल्या, आणि पेशींत तसल्याच गाठी दिसल्या ज्या पेशंटमध्ये दिसतात. २०११ साली तिकडच्याच शेतकऱ्यांच्या आणि फवारणी करणाऱ्यांच्या अभ्यासात रोटेनोन किंवा पॅराक्वाट वापरलेल्यांत पार्किन्सन साधारण अडीचपट आढळला. पॅराक्वाट हे तणनाशक आपल्या भागातल्या शेतकऱ्याला नव्याने सांगायला नको, युरोपात ते २००७ पासून बंद आहे. आप्पांना फवारणीने झालं असं मी म्हणत नाही, एका माणसावरून असं म्हणता येतच नाही. पण बागेत एकटं एक औषध कधीच जात नाही हो, टाकीत दोन-तीन मिसळतात, वरून पीजीआर म्हणजे वाढीचं संजीवक, वरून औषध पानाला धरून ठेवणारं स्टिकर, आणि आप्पा काठीने ढवळायचे, रुमाल तोंडाला बांधून. अशा मिश्रणाचं मज्जासंस्थेवर वर्षानुवर्षांत काय होतं हा नाशिकचा प्रश्न आहे, तो पुण्या-मुंबईचं कुणी आपणहून विचारणार नाही.

आणि तो विचारायला सुरुवातीला उंदीरसुद्धा लागत नाही. चिलटं लागतात. सीझनला खळ्यात पिकलेल्या मण्यांवर घोंघावतात ती चिलटं, सायन्सवाले ड्रोसोफिला म्हणतात. मुंबईत टीआयएफआर या टाटांच्या संशोधन संस्थेत ओबैद सिद्दिकी यांनी याच माशीवर वासाची आणि चवीची जाण कशी चालते यावर बरीच वर्षं घालवली. २०२४ साली तिच्या पूर्ण मेंदूचा नकाशा छापून आला, सुमारे १ लाख ३९ हजार चेतापेशी, कुठली कुणाला जोडलीय ते सगळं. माणसाचा पार्किन्सनशी संबंधित जीन घातलेल्या माश्या २००० सालीच तयार झाल्यात, त्यांची टेस्ट मला फार आवडते, काचेची नळी गादीवर टपकन आपटायची, सगळ्या माश्या खाली पडतात, मग चांगल्या माश्या सरसर वर चढतात आणि आजारी असलेल्या वय झालं की मधेच रेंगाळतात, काही खालीच. बघताना आप्पा जिना चढताना दिसतात. खर्च काय, तर मक्याचं पीठ, साखर, यीस्ट, अगर आणि पंचवीस डिग्रीला राहील अशी एक खोली, अंड्यापासून माशी दहा दिवसांत.

माशीत लिव्हर आपल्यासारखं नाही, रक्त आपल्यासारखं नाही, माशीत दिसलं म्हणजे माणसात झालंच असं नाही. पण वीस मिश्रणांतली कुठली दोन उंदरापर्यंत न्यायची एवढं माशी सांगते, आणि बाकीच्या अठरांसाठी उंदीर मारायची वेळ येत नाही.

तर मागणं काय आहे. कायदे आहेत हो, प्राण्यांच्या छळाविरुद्धचा १९६० चा कायदा आहे, १९९८ चे नियम आहेत, प्रत्येक संस्थेला एथिक्स कमिटी आहे, २०२३ साली नवीन औषधांच्या नियमात मानवी पेशींवरच्या पद्धतीही आल्या. माझा प्रोजेक्टही कमिटीतून पास झालेला होता. पिंजरा किती बाय किती, भूल कुठली, सगळं विचारलं. यातून नवीन काय कळणार, हे एकानेही विचारलं नाही. तेवढं विद्यापीठाने एका परिपत्रकाने सक्तीचं करावं, ते तुमच्या हातात आहे. प्रयोगाआधी लिहून द्यायचं की प्रश्न काय, आधी कुणी केलंय का, गटात सहा का आणि दहा का नाही, मोजणाऱ्याला गट माहीत असणार की नसणार, आणि रिझल्ट आला नाही तरी तो विद्यापीठाच्या वेबसाइटवर टाकायचा. नाही आला म्हणून लपवायचा नाही, नाहीतर पुढच्या वर्षीची पोरगी परत तेच छत्तीस मारते.

दुसरं, ज्याला त्याला एकेक कोंदट ॲनिमल हाउस देण्यापेक्षा नाशिकला सगळ्यांसाठी मिळून एकच करा पण धड करा, एसी, जनरेटर, पगारी व्हेट. लहान कॉलेजांनी तिथे येऊन काम करावं. आणि त्याच्याही आधी म्हसरूळच्या कॅम्पसमध्ये चिलटांची एक खोली. सिंहस्थासाठी नाशकात एवढी कामं निघालीत, घाटापासून रस्त्यापर्यंत सगळं उकरून ठेवलंय, त्यात एक खोली कुणाला दिसणार पण नाही.

प्राणीप्रेमी मंडळींना हे पुरणार नाही आणि माझ्या काही सरांना हे झोंबणार आहे, दोघांचे फोन येतील.

माझ्या प्रयोगाच्या ओरिजिनल नोंदी अजून आहेत, स्टॉपवॉचचे आकडे पेन्सिलने लिहिलेले, त्या चार मेलेल्या उंदरांचे नंबर खोडलेले पण वाचता येतात. विद्यापीठाला हव्या असतील तर वही द्यायला मी तयार आहे, माझ्या डिग्रीचं काय करायचं ते नंतर ठरवा. माणूस पाठवलात तर दुपारी दोन ते चार सोडून पाठवा, तेव्हा आप्पांच्या गोळीची वेळ असते आणि दुकान बंद ठेवते.

आपली,
एक फार्मासिस्ट, म्हसरूळ, नाशिक