तक्रार पत्र: चार्जरमधला जळका न्यूट्रल आणि ‘कस्टमर साइड इश्यू’

दि. ९ जून २०२५
कराड, जि. सातारा

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख

विषय: घरी बसवलेल्या ७.२ किलोवॅट चार्जरची वीज सतत खालीवर होणे आणि जॉबशीटवर चुकीचा शेरा मारल्याबाबत.

महोदय,

जानेवारीत मी आपली इलेक्ट्रिक गाडी घेतली. रोज कराड ते सातारा जाऊन-येऊन शंभर किलोमीटरच्या वर होतात, म्हणून घरच्या १५ अँपिअरच्या प्लगवर भागणार नाही असे आपल्याच शोरूमने सांगितले. जादा पैसे भरून ७.२ किलोवॅटचा चार्जर घेतला, त्यासाठी घराचा मंजूर भार ५ किलोवॅटवरून १२ किलोवॅट करून घेतला. मीटरपासून चार्जरपर्यंत २२ मीटर वायर, शेजारी आयसोलेटर (वीज तोडायचा स्विच) आणि भिंतीवरचा चार्जर हे सगळे काम आपण नेमलेल्या माणसांनी केले. मी फक्त चहा दिला.

दोन महिने उत्तम गेले. मार्चच्या मध्यापासून रात्री लावलेली गाडी सकाळी भरलेली दिसेना. ॲप उघडून बसलो तेव्हा कळले की सुरुवातीला ३१ अँपिअर येतात, पंचवीस-तीस मिनिटांनी एकदम १६, कधी १०, मग हळूहळू पुन्हा ३१. रात्रभर हीच झोपाळ्याची गत. रविवारी दुपारी लावली तर बारा मिनिटांतच पहिली घसरण.

आपल्या हेल्पलाइनवर पहिले उत्तर मिळाले, “सर, ८० टक्क्यांनंतर स्पीड कमी होतोच.” ते हायवेवरच्या डीसी फास्ट चार्जरला लागू असेल. घरच्या चार्जरवर गाडी अगदी शेवटच्या काही टक्क्यांत हात आखडता घेते. माझी गाडी ३५ टक्क्यांवर असताना हे होत होते, हे मी त्याच फोनवर दोनदा सांगितले. तक्रार बंद झाल्याचा मेसेज फोन ठेवण्याआधी आला.

२४ मार्चला तंत्रज्ञ आले. गाडी न लावताच मल्टिमीटर धरला, २३५ व्होल्ट दिसले, “सगळं ओके आहे” म्हणाले आणि गेले. भार नसताना कुठलाही सप्लाय ओकेच दिसतो. ८ एप्रिलला दुसरे आले, त्यांनी फेज बदलायला सांगितले. मी पदरचे पैसे देऊन वायरमनकडून चार्जर लाल फेजवरून निळ्या फेजवर घेतला, म्हणजे लाल फेजवरच्या पाण्याच्या मोटरशी त्याचा संबंध उरला नाही. फरक शून्य. २२ एप्रिलला तिसऱ्यांनी सर्व्हो स्टॅबिलायझर बसवा म्हणून सल्ला दिला. गाडीत दोष असेल या शंकेपोटी मी ती साताऱ्यात ऑफिसच्या चार्जरला लावून पाहिली. तो आपल्याच कंपनीचा, याच मॉडेलचा. तीन तास एकसारखे ३१ अँपिअर. म्हणजे गाडी निर्दोष.

माझा भाचा आयटीआयत इलेक्ट्रिशियनचा ट्रेड शिकवतो. त्याने एका रविवारी जे केले ते आपल्या तिघांपैकी एकालाही सुचले नाही: गाडी चार्जिंगला लावून, पूर्ण ३१ अँपिअर चालू असताना, एकेका ठिकाणी व्होल्टेज मोजले. मीटरपाशी २२९. चार्जरशेजारच्या आयसोलेटरमध्ये २२५. चार्जरला आत किती मिळतात ते आपले ॲपच दाखवते, तिथे २२१. ॲपचा आकडाच चुकीचा असेल म्हणाल, तर गाडी काढल्यावर तिन्ही ठिकाणी २३५ च होते.

मीटर ते आयसोलेटर ४ व्होल्ट गेले ते समजू शकते. ६ चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरला किलोमीटरमागे साधारण ३ ओहम रोध असतो. जाण्या-येण्याची मिळून ४४ मीटर वायर, ३१ अँपिअर, हिशेब बरोबर चारच्या आसपास येतो. पण आयसोलेटर ते चार्जर हे अंतर जेमतेम एक फूट. तिथे आणखी ४ व्होल्ट जातात कुठे? ४ गुणिले ३१ म्हणजे सव्वाशे वॅट. एखादा जुना शंभरचा पिवळा बल्ब चार्जरच्या डबीत, टर्मिनलला चिकटवून पेटता ठेवल्यासारखे आहे हे. चार्जर तापला की स्वतःला वाचवण्यासाठी पायलट पिनवरून गाडीला कमी अँपिअर घ्यायला सांगतो, थंड झाला की पुन्हा वाढवतो. पश्चिमेच्या भिंतीवर, डोक्यावर पत्र्याचा तुकडाही नसलेल्या जागी आपण चार्जर बसवलात, त्यामुळे दुपारी बारा मिनिटांत आणि रात्री अर्ध्या तासात, एवढाच फरक.

झाकणावर ‘उघडल्यास वॉरंटी रद्द’ असे स्टिकर आहे, म्हणून आम्ही हात लावला नाही. ९ मे रोजी चौथे तंत्रज्ञ आले. त्यांना हे आकडे लिहिलेली वही दाखवली, तेव्हा त्यांनी झाकण उघडले. मी त्यांच्या खांद्यावरून बघत होतो. करपलेल्या बेकेलाइटचा वास आला. न्यूट्रलच्या वायरचे निळे आवरण टर्मिनलपाशी चिक्कीच्या रंगाचे झाले होते आणि वायरच्या बारीक तारा लग (टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी) न लावता तशाच स्क्रूखाली दाबल्या होत्या, त्यातल्या तीन-चार बाहेर लोंबत होत्या. त्यांनी स्क्रू पिळला, तो दीड आटा आत गेला. फोटो काढला. “लूज होतं, आता नाही येणार प्रॉब्लेम,” म्हणाले.

त्यानंतर जॉबशीटवर लिहिले: ‘सप्लाय व्होल्टेज लो. कस्टमर साइड इश्यू.’

मी विचारले, हे काय? तर म्हणे, ॲपच्या यादीत दुसरा पर्यायच निवडता येत नाही, नाहीतर व्हिजिट पास होत नाही. तो मुलगा खोटे बोलत होता असे मला वाटत नाही, त्याच्यावर माझा रागही नाही. राग आहे तो अशा यादीवर, जिच्यात कंपनीची चूक हा पर्यायच ठेवलेला नाही.

नऊ दिवस झकास चालले. १८ मेच्या रात्रीपासून येरे माझ्या मागल्या. १९ ला पहाटे आईला डोळ्यांच्या तपासणीसाठी साताऱ्याला न्यायचे होते, गाडी ४१ टक्क्यांवर. शेजारच्या काकांची गाडी मागावी लागली. यंदा पाऊस मे महिन्यातच आला, भिंत गार पडली, तरी घसरण थांबली नाही. म्हणजे ऊन नुसते तेल ओतत होते, आग टर्मिनलचीच. एकदा करपलेले टर्मिनल कितीही पिळले तरी धरत नाही, हे भाच्याने ९ मेलाच सांगितले होते.

आता माझे म्हणणे असे. चार्जर बदलून द्यावा किंवा किमान त्याचे टर्मिनल ब्लॉक नवीन बसवावे. वायरचे करपलेले टोक छाटून, योग्य मापाचा लग क्रिंप करून मगच जोडणी करावी. त्यानंतर माझ्यासमोर सलग दोन तास पूर्ण भारावर चालवून मीटरचे, आयसोलेटरचे आणि ॲपचे आकडे जॉबशीटवर लिहावेत. वरती छज्जा आपल्या खर्चाने लावावा. फेज बदलायचा वायरमनचा खर्च परत द्यावा. आणि ९ मेचा ‘कस्टमर साइड इश्यू’ हा शेरा लेखी दुरुस्त करावा. मला सगळ्यात जास्त गरज त्याची आहे, कारण उद्या त्या भिंतीवर काही पेटले तर हाच कागद माझ्याविरुद्ध पुढे येईल.

तोवर मी ॲपमधून चार्जर १६ अँपिअरवर बांधून ठेवला आहे. प्रवाह निम्मा केला की उष्णता जवळपास चौथाईवर येते, म्हणून निदान झोप लागते. पण म्हणजे ७.२ चे पैसे देऊन मी अर्ध्यावर चालवतो आहे.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर नोंद करीन आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार साताऱ्याच्या जिल्हा आयोगाकडे जाईन. या कायद्याने ग्राहकाला राहत्या जिल्ह्यात दाद मागता येते, तेव्हा ‘आमचे मुख्यालय दुसऱ्या राज्यात आहे’ हे हेल्पलाइनवरचे वाक्य कृपया पुन्हा ऐकवू नये.

तंत्रज्ञ संध्याकाळी सातनंतर किंवा रविवारी पाठवावा. त्याच्याजवळ क्लॅम्प मीटर असावा. मागच्या खेपेला त्याने तो माझ्याकडेच मागितला होता.

कळावे,
आपला एक ग्राहक

सोबत: चारही जॉबशीटच्या प्रती, ॲपचे स्क्रीनशॉट, वहीच्या पानांचे आणि करपलेल्या टर्मिनलचे फोटो