दिल्या, नाताळच्या सुट्टीत ये

कराड,
२४ ऑक्टोबर २०२१

प्रिय दिल्या,
स. न. वि. वि.

तुझा मेसेज वाचला. ‘नाताळात येऊ का, खरं काय ते सांग.’ फोनवर तुझी आई, आपली जिजी, शेजारी बसलेली असते, तिच्यासमोर खरं काय ते बोलता येत नाही. म्हणून आज रविवार बघून लिहायलाच बसलो. उत्तर आधी देऊन टाकतो : ये. तिकीट काढ. पुढं लिहितोय ते का ये म्हणतोय त्याबद्दल.

आकडे तू तिकडं इंग्लंडात बघतच असशील. एप्रिलच्या १८ तारखेला महाराष्ट्रात एका दिवसात ६८ हजारांवर नवे रुग्ण निघाले होते. सध्या दिवसाला दीड हजाराच्या आसपास निघतात. गेल्या रविवारी, १७ तारखेला, मुंबईत कोरोनानं एकही माणूस गेला नाही. मार्च २०२० नंतर पहिल्यांदा. आपला सातारा मात्र शेवटपर्यंत चिवट. ऑगस्टच्या सुरुवातीला सरकारनं बाकीच्या राज्याला मोकळीक दिली, तेव्हा ज्या ११ जिल्ह्यांत निर्बंध तसेच ठेवले त्यात आपण होतोच. आता इथंही उतरलंय. पण मला विचारशील तर आकड्यांपेक्षा एक गोष्ट मोठी : रात्री अकरानंतर फोन वाजला की पोटात गोळा येत नाही. एप्रिल-मेमध्ये त्या वेळच्या फोनचा अर्थ एकच असायचा, बेड बघ नाहीतर रेमडेसिव्हिर बघ. मास्तरची सगळीकडं ओळख असते असा गावाचा पक्का समज आहे ना!

आता तुझा दुसरा प्रश्न. तुमच्याकडं एवढी लस होऊनही परवा एका दिवसात ५० हजारांवर केसेस, आणि आमच्याकडं निम्म्या लोकांचीही पूर्ण झालेली नाही तरी एवढं शांत, हे गौडबंगाल काय? पहिलं म्हणजे तुम्ही टेस्ट किती करता ते बघ. जेमतेम पावणेसात कोटींचा तुमचा देश, टेस्ट दिवसाला दहा लाखांच्या घरात. शिंक आली की तुम्ही नाकात काडी घालता. आम्ही १३० कोटींच्या वर आणि टेस्टचा आकडा तुमच्यापेक्षा थोडाच जास्त. इथं ताप अंगावर काढणारेच फार. दुसरं, १९ जुलैला इंग्लंडनं सगळं उघडलं, मास्कची सक्तीही काढली. आणि तिसरं, जे इथं कुणी मोठ्यानं बोलत नाही : आमचा आकडा मेनंतर उतरला तो लसीनं उतरवला नाही. कोरोनाचा डेल्टा अवतार घराघरात जाऊन आला म्हणून उतरला. आयसीएमआर या वैद्यकीय संशोधन परिषदेनं जून-जुलैत देशभर लोकांचं रक्त तपासलं, तर सहा वर्षांवरच्या ६७.६ टक्के लोकांत अँटिबॉडी निघाल्या. दोन्ही डोस झालेले तेव्हा फारच थोडे होते. म्हणजे ही शांतता आम्ही कशानं विकत घेतलीय, ते तुला मी सांगायला नको.

लसीचं श्रेय आहेच, पण ते वेगळ्या जागी आहे. तुमच्याकडं जानेवारीत रोज हजारावर माणसं जात होती. आता केसेस फारशा कमी नाहीत, तरी जाणारे दीडशेच्या आतबाहेर. मी लोकांना हाच दाखला देतो. केसेस शून्य होतील असं मी कुणालाही सांगत नाही. दवाखान्यात पडून राहायची वेळ येणार नाही, एवढंच सांगतो.

गुरुवारी देशात १०० कोटी डोस पूर्ण झाले. टीव्हीवर दिवसभर तेच, शंभर स्मारकांवर तिरंगी रोषणाई. आनंद मलाही झाला, खोटं कशाला बोलू? पण १०० कोटी डोस म्हणजे १०० कोटी माणसं नव्हेत. साधारण ७१ कोटींचा पहिला झालाय, २९ कोटींचा दुसरा. सातवीच्या पोरांना दुसऱ्या दिवशी मी हेच उदाहरण फळ्यावर घातलं. (शाळा ४ तारखेपासून भरतेय, पाचवीपासून वरची. धाकटी अजून घरीच. दीड वर्षात अर्धी पोरं बेरीज हातच्यासकट विसरली आहेत, पण ते रडगाणं पुन्हा कधीतरी.)

आपल्या शाळेच्या व्हरांड्यातच लसीकरण चालतं. मे महिन्यात इथं काय तमाशा होता ते तू व्हिडिओवर बघितलायस. पहाटेपासून रांगेत चपला, दगड, पिशव्या. टोकनावरून हमरीतुमरी. डोस यायचे शंभर, माणसं तिप्पट. १८ ते ४४ वयाचं लसीकरण तर राज्यानं १२ मेला थांबवलंच, आहे ती लस पंचेचाळीसच्या वरच्यांना पुरावी म्हणून. आणि आता? लस भरपूर येते आणि सिस्टर माणसांची वाट बघत बसतात. कोविशिल्डच्या एका कुप्पीत दहा डोस. एकदा फोडली की चार तासांत संपवावी लागते, म्हणून फोडल्या फोडल्या त्या पेनानं तिच्यावर वेळ लिहितात. सात माणसं जमली की मला हाक : ‘‘सर, तिघं बघा की कुठनं तरी!’’ मग मी गाडीला किक मारून चावडी, सोसायटी, सलून असा फेरा मारायचा. सलूनमध्ये हमखास एखादा सापडतो. अर्धी दाढी झालेला माणूस पळून पळून जाणार कुठं?

आता जिजीचं. तिनं लस का अडवून धरली होती, ते तुला तिनं सांगितलं नसणार. तात्यांनी एप्रिलच्या सुरुवातीला पहिला डोस घेतला आणि आठ-दहा दिवसांत ताप आला. गावानं निकाल देऊन टाकला की लसीनंच गेले. तुझ्या भावकीतल्या शहाण्यांनी तो जिजीच्या कानावर व्यवस्थित घातला. ब्रिटननं २३ एप्रिलला भारताला प्रवासबंदीच्या रेड लिस्टमध्ये टाकलं, विमानं रद्द झाली, तू तिकडं अडकलास. म्हणून मग हा विषय घरात कुणी काढलाच नाही.

जुलैत आशाताई आणि सिस्टर तुझ्या घरी गेल्या, मीही बरोबर होतो. (आशाताई जूनमध्ये संपावर जाऊन आल्या होत्या. बरोबरच केलं. तुटपुंज्या मानधनावर सगळी महामारी त्यांच्याच डोक्यावर दिली होती.) जिजी ओसरीवर शेंगा फोडत बसलेली. मान वर न करता म्हणाली, ‘‘त्या सुईनंच माझं कुंकू पुसलं. मला नगं.’’ मी आपलं अँटिबॉडीचं कीर्तन लावलं. जिजी शेंगा फोडत राहिली. सिस्टरनी मला गप्प केलं आणि विचारलं, ‘‘जिजी, तात्यांना उसात घोणस चावली हुती, तवा काय केलंतं?’’

‘‘काय करायचं? गाडीत घालून दवाखान्यात न्हेलं. सापाच्या सुया दिल्या, जगलं की.’’

‘‘ती सुई चावल्यावर द्यायची. ही चावायच्या आदी. तात्यांनी घेतली, पण अंगात मुरायच्या आतच चावलं.’’

जिजीचा हात थांबला. मुरायला किती दिवस लागतात, तिनं विचारलं. दोन-तीन आठवडे, आणि दुसरी घेतली की पक्कं, सिस्टर म्हणाल्या. मग जिजीनं विचारलं, ‘‘तर मग आदीच का न्हाई आनली?’’ याचं उत्तर आमच्या तिघांपैकी कुणाजवळ नव्हतं. सरकारनं साठीच्या वरच्यांना १ मार्चपासून खुली केली होती. पण गावापर्यंत ती, तिची बातमी आणि तिच्यावरचा भरवसा, तिन्ही वेगवेगळ्या दिवशी पोचले. दुसऱ्या दिवशी जिजी स्वतःच व्हरांड्यात येऊन बसली. दुसरा डोस तिनं परवाच्या ‘मिशन कवच कुंडल’मध्ये घेतला. ८ ते १४ तारखेपर्यंत राज्यभर मोहीम होती. ज्यानं हे नाव ठेवलं, त्याला कर्णाची पुढची गोष्ट ठाऊक नसावी. पंतप्रधानांचा फोटो असलेलं सर्टिफिकेट दाखवलं तर जिजी म्हणते, ‘‘टोचली मला, आन् फोटू ह्यांचा व्हय?’’

गंमत म्हणजे तुम्हा मायलेकरांची लस एकच. तुला लेस्टरमध्ये ॲस्ट्राझेनेका दिली, तिला तीच पुण्यात बनलेली, कोविशिल्ड नावानं. तरी तुमच्या सरकारनं या महिन्याच्या ४ तारखेपासून कोविशिल्डवाल्यांना दहा दिवस क्वारंटाइन लावलं. आपल्यांनीही लगेच तुमच्यावर तेच उगवलं. ११ तारखेपासून त्यांनी सोडलं, मग आपल्यांनी सोडलं. तेव्हा जाताना जिजीला बरोबर न्यायचं म्हणतोस, त्यातली ती अडचण तरी आता नाही. व्हिसाचं तू बघ.

मला काळजी आहे ती दुसऱ्या डोसची. दोन डोसांमधले ८४ दिवस फार मोठे असतात रे. पहिला डोस भीतीनं घेतला, आता भीती गेली. मग दुसऱ्यासाठी कामाचा खाडा कोण करणार? शिवाय गळीत हंगाम १५ तारखेपासून सुरू झालाय. बीडकडच्या ऊसतोड टोळ्या आल्या, ओढ्याकडंच्या माळावर त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडल्या. यांचा पहिला डोस गावाकडं झालेला, दुसऱ्याची तारीख इथं येते. सरकारच्या कोविन साइटवर दुसरा डोस कुठंही घेता येतो, कागदावर काहीच अवघड नाही. पण पहिल्या वेळी नंबर दिलेला असतो मुकादमाचा, नाहीतर दिराचा. एका नंबरावर चारच नावं बसतात. ओटीपी जातो त्याच्या फोनवर, आणि तो असतो दुसऱ्या कारखान्याच्या हद्दीत. दिवसा गेलं तर कोपीत म्हातारी आणि पोरं, बाकी सगळे फडात. पहाटे गेलेले, गाडी भरून अंधारात परतणारे. म्हणून सिस्टरनी आता संध्याकाळी सातचा कॅम्प लावलाय. ट्रॅक्टरच्या उजेडात मी टेबलावर लॅपटॉप घेऊन बसतो. परवा एक बाई आली, हातात कोयता तसाच. आधार कार्ड मागितलं तर म्हणाली, पेटीत आहे, पेटी कोपीत, किल्ली नवऱ्याकडं, नवरा गाडीवर. थांबली बिचारी. नवरा आला तेव्हा नऊ वाजून गेले होते, आणि कुप्पी फोडून अजून चार तास झाले नव्हते. दोघांनाही टोचली.

तिसरी लाट येणार नाही असं मी स्टॅम्पपेपरवर लिहून देत नाही. टीव्हीवरचे तज्ज्ञ दर महिन्याला नवी तारीख देतात. पण एप्रिलमध्ये यायचं म्हणून थांबू नकोस. तात्यांचं वर्षश्राद्ध तेव्हा आहे, तेव्हाच यावं, असं तुझ्या मनात आहे हे जिजी म्हणाली. माझं म्हणणं, आत्ता दार उघडं आहे तर आत्ता ये, जमलं तर तेव्हाही ये.

निघण्याआधी ७२ तासांतला आरटीपीसीआर लागेल, एअर सुविधाचा फॉर्म भरावा लागेल. नियम आठवड्याला बदलतात, तिकीट काढायच्या दिवशी पुन्हा बघ. मुंबईला न्यायला मी गाडी घेऊन येतो. माळावरच्या रानात शाळू पेरलाय, तू येशील तेव्हा हुरडा धरायच्या बेतात असेल.

आणि एक काम. सातबाऱ्यावर वारस नोंद अजून झालेली नाही. तलाठी भाऊसाहेबांना दोनदा भेटलो, तुझी सही आणि आधारची झेरॉक्स पाहिजे म्हणतात. आधार कार्ड तिकडं विसरून येऊ नकोस. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
संज्या