काका, हेडलाइट आता पिवळे पडत नाहीत

प्रिय काका,

सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलो की तुम्ही "बरं बरं" म्हणता आणि विषय बदलता. म्हणून हे लिहून, आणि चारचौघांत. जुन्या स्पोर्ट्स कारला मोठा अल्टरनेटर (इंजिनच्या बेल्टवर फिरून वीज बनवणारं यंत्र) बसवायला निघालेलं कोणी हे वाचलं, तर तुमच्या शिकवणीतलं थोडं त्यांच्याही पदरात पडेल.

गाडी १९७० ची एमजीबी, ब्रिटिश स्पोर्ट्स कार. तिला ल्युकस कंपनीचा १६एसीआर अल्टरनेटर, ३४ ॲम्पिअरचा. गाडी कारखान्यातून निघाली तेव्हाच्या दिव्यांना तो पुरून उरत होता, त्याला दोष देण्यात अर्थ नाही. नंतर हॅलोजन हेडलाइट आले, रेडिएटरवर विजेचा पंखा आला, आणि रात्रीच्या पावसात सिग्नलला थांबलं की वायपर रेंगाळायचे, हेडलाइट पिवळे पडायचे. ज्याला विचारावं तो सांगायचा, मोठा अल्टरनेटर टाक. तुम्ही एकट्यांनीच उलट विचारलंत, "आत्ताचा किती देतोय, आणि त्यातलं बॅटरीपर्यंत किती पोचतंय?"

खरं तर त्या एका प्रश्नासाठीच हे पत्र.

तुम्ही क्लँप मीटर (वायरीभोवती अडकवून करंट मोजणारा) लावलात, मला एकेक स्विच चालू करायला लावलात आणि आकडे माझ्याच हाताने लिहून घेतलेत. लो बीम ८ ॲम्पिअर, बाकीचे छोटे दिवे अडीच, इग्निशन ४, वायपर ४, हीटरचा पंखा ५, रेडिएटरचा पंखा १०. बेरीज साडेतेहतीस. क्षमता ३४, म्हणजे कागदावर जमतंय. त्यावर तुमचं उत्तर: "३४ इंजिन पळताना. आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, त्याच्या निम्मे मिळाले तरी खूप समज." उरलेलं सगळं बॅटरीतून जाणार. सिग्नलला नेमकं काय होतं ते त्या वाक्यात मला कळलं.

पण तुम्ही तिथे थांबला नाहीत. रेडिएटरचा पंखा सोडून बाकी सगळं चालू, इंजिन अडीच हजार आरपीएमवर, मल्टिमीटरचं एक टोक अल्टरनेटरच्या आउटपुटवर आणि दुसरं बॅटरीच्या प्लसवर: ०.९ व्होल्ट. मग अल्टरनेटरच्या बॉडीपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत: ०.४. अल्टरनेटर १४.२ व्होल्ट देत होता आणि सीटमागच्या बॅटऱ्यांना मिळत होते १२.९. एवढ्यावर बॅटरी कुठून भरणार?

प्लसच्या बाजूची बहुतेक घट अल्टरनेटरपासून स्टार्टरच्या सोलेनॉइडपर्यंत (स्टार्टरचा मोठा विजेचा स्विच, बॅटरीची जाड केबलही तिथेच येते) जाणाऱ्या तपकिरी वायरीत आणि तिच्या काळ्या पडलेल्या टोकांत निघाली. मायनसची गोष्ट त्याहून मजेशीर. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, बॉडीशी त्याचा विजेचा संबंध तांब्याच्या एका विणलेल्या पट्टीपुरता. ती पट्टी हिरवी झाली होती. ती दगा देऊ लागली की करंट ॲक्सिलरेटरच्या नाहीतर चोकच्या केबलमधून वाट काढतो, आणि स्टार्टर मारताना ती केबल तापते, कधी जळतेही, हे तुम्ही सांगितलंत. जुनी गाडी बाळगणाऱ्या किती जणांनी ही पट्टी कधी हात लावून पाहिली असेल, मला शंकाच आहे.

मग नवी अर्थ पट्टी, घासून स्वच्छ केलेला पत्रा, आणि अल्टरनेटर ते सोलेनॉइड १० चौरस मिलिमीटरची केबल. मी ६ ची म्हणत होतो. तुम्ही कागदावर गणित मांडलंत: दीड मीटर लांबी, ६० ॲम्पिअर, ६ च्या केबलमध्ये पाव व्होल्टहून जास्त जातो, १० च्या केबलमध्ये त्याच्या साधारण साठ टक्के. फ्यूज ८० ॲम्पिअरचा, आणि तो सोलेनॉइडच्या टोकाला. माझा समज होता की वीज अल्टरनेटरकडून येते, तर फ्यूजही तिकडेच हवा. पण ही केबल कुठे घासून बॉडीला टेकली, तर तिला पेटवणारा करंट बॅटरीकडून येईल. आजही कोणी हा फ्यूज उलट्या टोकाला लावलेला दिसला की मी थांबून बोलतो. तुमची सवय लागली.

या सगळ्यात अल्टरनेटर जुनाच होता! निम्मी तक्रार त्याच्यावरच मिटली. तरीही आयडलिंगला कमी पडत होतंच, तेव्हा तुम्ही म्हणालात, "आता घे नवा."

किती ॲम्पिअरचा, यावर आपण वाद घातला. मला ९० किंवा १०० चा मोह होता. तुम्ही बेल्टकडे बोट दाखवलंत. ६५ ॲम्पिअर म्हणजे १४ व्होल्टला ९०० वॉटच्या वर. अल्टरनेटरची कार्यक्षमता निम्म्याहून थोडी जास्त, म्हणजे पूर्ण लोडला तो इंजिनकडून दोन अश्वशक्तींच्या वर ओढणार, तेही एकाच अरुंद व्ही-बेल्टवरून, ज्यावर पाण्याचा पंपही फिरतो. बेल्ट घसरला तर चार्जिंगबरोबर कूलिंगही गेलं. शिवाय आपली गरज साडेतेहतीसची, मग शंभर कशाला? ए१२७ जातीचा ६५ ॲम्पिअरचा ठरला, मागे बोल्टचं टर्मिनल असलेला, म्हणजे जाड केबलच्या टोकाचा लग (धातूचं कडं) नीट बसेल असा.

बसवताना तुमचा सगळा जीव पुलीच्या रेषेत होता. नव्या अल्टरनेटरचा पाय जुन्यापेक्षा वेगळा, त्यामुळे स्पेसर घासून, वॉशर घालून, सरळ पट्टी क्रँकच्या पुलीला टेकवून तुम्ही पुन्हा पुन्हा पाहत होता. मला ते अती वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. पण रेष चुकलेला बेल्ट कडेने झिजतो आणि पंपाच्या बेअरिंगवर ओढ येते. पुलीचं गुणोत्तरही तुम्ही मोजलंत: दोनाहून किंचित जास्त. इंजिन ६ हजारांवर गेलं तरी रोटर (अल्टरनेटरच्या आतला फिरणारा भाग) साडेबारा हजारांच्या आसपास, १५ हजारांच्या मर्यादेपासून सुरक्षित अंतरावर. अजून छोटी पुली लावून आयडलिंगला थोडं जास्त काढता आलं असतं, पण ते तुम्हाला नको होतं आणि मलाही पटलं.

डॅशबोर्डवरच्या चार्जिंगच्या लाल दिव्याबद्दल वेगळे आभार. सगळे दिवे एलईडी करायचे माझ्या डोक्यात होतं. "हा एक सोड" म्हणालात. २.२ वॉटचा तो साधा बल्ब नुसता इशारा देत नाही. त्याच्यातून जाणारा करंट रोटरला सुरुवातीचं चुंबकत्व देतो. तिथे एलईडी लावला आणि समांतर रेझिस्टर दिला नाही, तर इंजिन बरंच रेटल्याशिवाय अल्टरनेटर जागाच होत नाही. हे ठाऊक नसल्याने चांगला अल्टरनेटर परत करणारे तुम्ही पाहिले आहेत.

आणि इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून चार्जिंग "तपासायची" ती डायनॅमोच्या जमान्यातली पद्धत! कोणीतरी शेजारून सुचवली तेव्हा तुम्ही ज्या नजरेने पाहिलंत, त्यानंतर माझ्या गाडीजवळ तरी ती कोणी करणार नाही. बॅटरी सुटली की व्होल्टेज उसळतं आणि अल्टरनेटरमधले डायोड जातात.

आता आकडे: आयडलिंगला सगळं चालू असताना बॅटरीवर १३.६, जरा ॲक्सिलरेटर दिला की १४.१. प्लसच्या बाजूला ०.२ जातात, मायनसला ०.१ सुद्धा नाही. बेल्ट पहिल्या काही फेऱ्यांनंतर थोडा सैलावला होता, तो ताणून घेतला. लांब बाजूला अंगठ्याने दाबल्यावर १३ मिलिमीटरच्या आसपास दबतो. सकाळी पहिल्या स्टार्टला किंचाळत नाही.

बॉडीला एकही नवं भोक न पाडता हे सगळं झालं, याचं मला विशेष कौतुक आहे. १६एसीआरला नवे ब्रश घालून, त्याचे मूळ बोल्ट आणि ब्रॅकेट एकत्र बांधून, चिठ्ठी लावून ठेवला आहे. उद्या गाडी दुसऱ्या कोणाकडे गेली आणि त्याला ती मूळ रूपात हवी असली, तर अर्ध्या दिवसाचं काम.

तुमची लग दाबायची मोठी पक्कड माझ्याकडेच राहिली आहे. रविवारी घेऊन येतो, गाडीसकट. हेडलाइटचा सगळा करंट अजून डॅशबोर्डच्या जुन्या स्विचमधूनच जातो, त्याला रिले (छोट्या करंटने चालणारा, मोठा करंट पेलणारा स्विच) बसवायचं तुम्ही मागे म्हणाला होतात. रिले, बेस आणि वायर आणून ठेवली आहे. वेळ असेल तर तेही उरकू.

तुमचा,
एमजीबीवाला