होटगी रोडवरचे आकाश मोकळे ठेवा

महोदय,

होटगी रोड विमानतळावरून २०२५ मध्ये गोव्याची विमानसेवा सुरू झाली, याचा सोलापूरकर म्हणून आनंद आहे. पण लहान विमान घेऊन येणाऱ्या वैमानिकांचाही विचार व्हायला हवा. उड्डाणाआधी हा माणूस विमानाभोवती फिरून सगळे तपासतो. पंखाखालून थोडे इंधन पारदर्शक नळीत काढून तळाशी पाणी साचलेय का, ते पाहतो. वेग मोजणाऱ्या नळीच्या तोंडाशी कुंभारीण माशीने मातीचे घर केले नाही ना, हेही बघतो. आपल्या उन्हाळ्यात तर हिशेब आणखी अवघड. विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,५८० फुटांवर आहे. पारा ४२ अंशांवर गेला की हवा इतकी विरळ होते, की विमान जणू ५ हजार फुटांवरून उडत असते. धावपट्टी जास्त लागते, वर चढणे मंदावते. म्हणूनच जाणते वैमानिक उन्हाळ्यात सकाळी लवकर निघतात.

एवढे करूनही समोर घार आली तर त्याने काय करायचे? विमानतळाच्या १० किलोमीटर परिसरात पक्षी गोळा होतील असा कचरा टाकण्यास नियमानेच बंदी आहे. तरीही नाल्याकाठी कोंबड्यांची पिसे, आतडी पडलेली दिसतात आणि वर घारी घिरट्या घालतात. प्रशासनाने हा कचरा रोज थेट दुकानांतूनच उचलावा आणि रात्री गुपचूप टाकणाऱ्यांना जबर दंड करावा. संक्रांतीच्या दिवसांत मुलांना धावपट्टीच्या आसपास पतंग उडवू न देणे हे मात्र पालकांचेच काम आहे.

— एक वाचक, सोलापूर